किल्ली रात्रभर बाहेरच होती

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी बाहेर पडण्यासाठी मी दार उघडले, तेव्हा किल्ल्यांचा जुडगा बाहेरच्या बाजूने कुलपात लटकत असलेला दिसला. आदल्या रात्री दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी घरात शिरले होते, टाचेने दार लोटले होते, लॅच बसल्याचा ओळखीचा आवाज ऐकला होता आणि सगळे नीट झाले असे समजून झोपून गेले होते. आतली कडीही लावली नव्हती. म्हणजे जवळपास दहा तास, जो कोणी दारासमोरून जाईल त्याने नुसते मनगट फिरवले असते तरी दार उघडले असते. त्या रात्री मला फार गाढ झोप लागली होती.

झोप उडाली ती दुसऱ्या रात्री. लॅच लावलेले होते, वरची आणि खालची कडी घातलेली होती, साखळी अडकवलेली होती, किल्ल्या उशाशी होत्या, आणि तरीही जिन्यातल्या प्रत्येक पावलाबरोबर मी उठून बसत होते. घर तेच, दार तेच, आजूबाजूची माणसेही तीच. सगळ्यांत असुरक्षित रात्री मी सर्वांत निर्धास्त होते आणि कडेकोट बंदोबस्ताच्या रात्री सर्वांत घाबरलेली होते, ही विसंगती तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतर काही महिने मी ओळखीच्या लोकांना, कधी गमतीने तर कधी गंभीरपणे, दोन प्रश्न विचारत राहिले: घरात असताना दाराला आतून कुलूप किंवा कडी लावता का, आणि घरात सुरक्षित वाटते का? कोणी दिवसभर दार उघडे ठेवणारे निघाले, कोणी केवळ झोपताना कडी लावणारे, तर कोणी दोन मिनिटांसाठी जिन्याखाली जातानाही किल्ली फिरवणारे. एक गृहस्थ म्हणाले की त्यांच्या दाराला तीन कुलपे आहेत आणि तरीही गावाला गेल्यावर त्यांचे चित्त घरातच राहते. दोन उत्तरांची एकमेकांशी काही संगती लागते का, हे मी पाहत होते. लागत असेल तर ती उलटीच होती, कारण ज्यांची कुलपे जास्त त्यांची काळजीही जास्त. अर्थात भीतीमुळे कुलपे वाढली की कुलपांनी भीती जागी ठेवली, हे अशा गप्पांमधून कळणे शक्य नाही. गुन्ह्यांना बळी पडलेल्यांची जी आंतरराष्ट्रीय पाहणी १९८९ पासून वेळोवेळी झाली, तिच्यातही घरफोडी झाली का, येत्या वर्षभरात होईल असे वाटते का आणि घराला खास कुलपे किंवा अलार्म आहे का, हे प्रश्न वेगवेगळे विचारले जात. एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरता येत नाही, हे त्या पाहणीची आखणी करणाऱ्यांनी ओळखले होते.

माझ्यासारखा अनुभव एकदा अख्ख्या शहराला आला होता. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने १७८४ मध्ये एका कुलपाचे पेटंट घेतले, आणि पुढे त्याच्या लंडनमधील दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडले गेले. हे कुलूप जो कोणी किल्लीवाचून उघडेल त्याला २०० गिनी मिळतील, असे आव्हान त्यावर लिहिलेले होते. कित्येक दशके ते कोणालाही उघडता आले नाही. १८५१ च्या भव्य औद्योगिक प्रदर्शनासाठी लंडनला आलेला अमेरिकी कुलूपतज्ज्ञ आल्फ्रेड हॉब्ज याने आधी चब यांचे नावाजलेले डिटेक्टर कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवले आणि नंतर ब्रामाचे कुलूप घेतले. १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खर्ची घालून त्याने तेही उघडले. वर्तमानपत्रांतून वादंग माजले. ज्या कुलपांवर विसंबून लोक पिढ्यान्‌पिढ्या झोपत होते, ती कुलपे अभेद्य नाहीत हे आता सर्वांना ठाऊक झाले होते. वास्तविक एका रात्रीत कोणाचेही घर अधिक असुरक्षित झाले नव्हते. ५१ तास दारासमोर बसून अवजारे चालवणारा चोर तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. बदलले होते ते इतकेच, की लोकांना एक गोष्ट कळली होती. माझ्याही बाबतीत सकाळी नेमके तेवढेच घडले होते.

चब यांचे ते १८१८ चे डिटेक्टर कुलूप मला याच कारणासाठी विशेष वाटते. चुकीच्या किल्लीने किंवा तारेने ते उघडण्याचा प्रयत्न झाला की आतला एक खटका अडकून बसे आणि मग खरी किल्लीही पहिल्यांदा नीट फिरत नसे, त्यामुळे कोणीतरी हात लावून गेले आहे हे मालकाला समजे. आजच्या दारावरच्या कॅमेऱ्याचे कामही यापेक्षा फार निराळे नाही. तो कोणाला अडवत नाही, तो आपल्याला सांगत राहतो. दारावर कॅमेरा बसवल्यापासून आपण चार वेळा मोबाइल पाहतो आणि प्रत्येक मांजर संशयित वाटते, असे एका मैत्रिणीने मला सांगितले, तेव्हा हसू आले खरे, पण तिची अवस्था मला पूर्णपणे समजली.

मग कुलूप करते तरी काय? आज बहुतेक घरांच्या दाराला असते ते कुलूप लायनस येल (धाकटा) याने १८६० च्या दशकात विकसित केलेल्या सिलिंडरच्या जातीचे आहे. आतल्या लहान लहान पिना किल्लीच्या दातांमुळे नेमक्या उंचीवर आल्या की गोल नळकांडे फिरते, एरवी फिरत नाही. पिनांची ही कल्पना प्राचीन इजिप्तमधील लाकडी कुलपांतही होती. पण चोर सहसा या पिनांच्या वाटेला जात नाही. तो आधी हँडल दाबून पाहतो, उघडी खिडकी शोधतो, आणि बळ लावायचेच झाले तर कुलपाऐवजी चौकटीवर लावतो. दाराच्या कुलपातून निघणारी जिभळी ज्या पातळ पट्टीत शिरते, ती पट्टी कित्येकदा बोटाच्या पेराएवढ्या दोन स्क्रूंवर चौकटीला धरलेली असते, आणि एका जोरकस लाथेसरशी निघून येते ती पट्टीच. महागडे कुलूप घेणारे आपण ते दोन स्क्रू बदलून लांब बसवून घेत नाही, कारण ते कोणाला दिसत नाहीत. (मीही त्या सकाळनंतरच बदलून घेतले.) अडसर म्हणजे मुळात दाराच्या आतून आडवा सरकवायचा जाड दांडा; तो भिंतीतल्या खाचांत बसत असल्यामुळे दारावरचा धक्का भिंतीवर जाई. दांडा गेला आणि अडसर हा शब्द आता केवळ अडथळा या अर्थी उरला.

लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या समाजशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये असे मांडले की गुन्हा घडायला तीन गोष्टी एका वेळी, एका जागी याव्या लागतात: गुन्हा करू पाहणारा माणूस, हाती लागण्याजोगे लक्ष्य आणि राखणदाराची अनुपस्थिती. युद्धोत्तर अमेरिकेत घरफोड्या वाढल्या, त्यामागे घरे दिवसभर रिकामी राहू लागली हे एक मोठे कारण त्यांनी दाखवले. आपण मात्र घाबरतो ते रात्री, घरात माणसे असताना. दिवसा घर ओस पडलेले असते त्या वेळी मनात फारसे काही येत नाही, आणि खिडकी उघडीच राहिली हे संध्याकाळी लक्षात येते.

म्हणून कुलूप निरर्थक आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. नेदरलँड्समध्ये १९९९ पासून नव्या घरांची दारे-खिडक्या घरफोडीला दाद न देणारी असणे कायद्याने बंधनकारक झाले, आणि नंतर अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या-नव्या घरांची तुलना केली तेव्हा नव्या घरांत घरफोडीचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटलेले आढळले. आपोआप चालून आलेली संधी साधणाऱ्या माणसाला साधी, पण पक्की कडीसुद्धा परतवते. ‘बैल गेला आणि झोपा केला’ असे आपण उपहासाने म्हणतो (इथला झोपा म्हणजे गोठ्याचे दार), पण घरांच्या बाबतीत तो उपहास तितकासा रास्त नाही. एकदा फोडले गेलेले घर पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा फोडले जाण्याचा धोका इतर घरांपेक्षा जास्त असतो, हे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसून आले आहे. बैल गेल्यावर झोपा करणारा शेतकरी उरलेल्या बैलाचा विचार करत असावा.

आता माझ्या खोडीविषयी. त्या सकाळनंतर मी रात्री दार तपासू लागले. आधी एकदा, मग दोनदा, आणि पुढेपुढे अंथरुणात पडल्यावर आपण कडी लावली ते आजचे आठवते आहे की कालचे, असा प्रश्न पडून तिसऱ्यांदा उठू लागले. वडिलांचीही हीच सवय होती आणि लहानपणी मला तिचे हसू येई. मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट या डच मानसशास्त्रज्ञांचा २००३ मधील एक प्रयोग वाचला, तेव्हा मला माझ्या रात्रींचा उलगडा झाला. त्यांनी लोकांना संगणकावरील आभासी गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा लावायला, बंद करायला आणि तपासायला सांगितली. वारंवार तपासणाऱ्यांची शेवटच्या तपासणीची आठवण चुकीची नव्हती, पण ती पुसट झाली होती आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास उडाला होता. म्हणजे तिसऱ्यांदा उठल्याने कडी अधिक घट्ट बसत नव्हती. कडी लावल्याची आठवण मात्र प्रत्येक फेरीगणिक झिजत होती. हे कळल्यावर मी एक उपाय केला. कडी लावताना मोठ्याने ‘लावली’ म्हणायचे आणि त्या दिवशीची एखादी गोष्ट त्याला जोडायची: ‘पाऊस पडतोय आणि कडी लावली.’ ऐकणाऱ्याला वेडेपणा वाटेल, परंतु हा उपाय बहुतेक रात्री लागू पडतो.

वडिलांच्या कडीने एकदा घात केला. ते घरात एकटे असताना पहाटे पडले, आणि दाराला आतून वर-खाली दोन्हीकडे कड्या होत्या. हाक ऐकून शेजारी आले, पण माझ्याकडची किल्ली त्या कड्यांपुढे निरुपयोगी होती. शेवटी दार फोडावे लागले. त्यांना वेळेवर उपचार मिळाले, हे आमचे नशीब. नंतर मला दोन गोष्टी छळत राहिल्या. एक, की चोरासाठी केलेला बंदोबस्त मदतीला आलेल्यांना अडवून उभा होता. आणि दुसरी, की दोन माणसांच्या खांद्यांपुढे तो बंदोबस्त दोन मिनिटेही टिकला नाही. आगीच्या वेळी तर हेच उलट्या दिशेने घडते. आतूनही किल्ली लागणारे कुलूप आणि किल्ली दुसऱ्या खोलीत, ही मांडणी धुराने भरलेल्या घरात प्राणघातक ठरू शकते, पण चोराची भीती आगीच्या भीतीपेक्षा रोजची असल्यामुळे आपण तिकडे पाहत नाही.

दाराचा आणखी एक हिशेब आहे आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंमली पदार्थ व गुन्हेविषयक कार्यालयाच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये जगभरात हेतुपुरस्सर मारल्या गेलेल्या सुमारे ८७,००० स्त्रियांपैकी ५८ टक्के स्त्रियांचा जीव जोडीदाराने किंवा कुटुंबातील व्यक्तीने घेतला होता. अशा माणसाकडे घराची किल्ली असते. ‘घरात सुरक्षित वाटते का’ हा प्रश्न मी ज्यांना सहज विचारत हिंडले, त्यांतल्या एक बाई थोड्या थांबून म्हणाल्या होत्या, ‘मुख्य दाराचे मला काही नाही, झोपायच्या खोलीला आतून कडी हवी होती.’ मी त्यांना पुढे काही विचारले नाही, आणि त्यानंतर तो प्रश्न गमतीने विचारणे बंद केले.

वडिलांच्या त्या पहाटेनंतर मी माझ्या दाराची खालची कडी काढून टाकली, आतून बोटाने फिरणारे आणि बाहेरून किल्लीने उघडणारे एकच चांगले कुलूप बसवले, आणि त्याची जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. कागदावर पाहिले तर हा बंदोबस्त पूर्वीपेक्षा ढिला आहे. एक कडी कमी झाली आहे आणि एक किल्ली घराबाहेर गेली आहे. तरी मी आताशा रात्री दोनदा उठत नाही. काकूंनी किल्ली हातात घेतली, पदराला पुसली आणि ‘बरं, ठेवते हं’ म्हणून आत गेल्या. त्यांनी ती कुठे ठेवली आहे, हे मी अजून विचारलेले नाही.