पार्ट नंबर टेबलात आहे, इंडेक्सला मात्र सापडत नाही

वाहनांचे सुटे भाग विकणाऱ्या एका वितरकाकडून सोमवारी सकाळी तक्रार आली. काउंटरवर पार्ट नंबर टाकला की ‘असा भाग नाही’ असं येतं, आणि तो भाग तर रॅकवर समोर पडलेला. सगळ्याच नंबरांचं तसं होत नव्हतं. शंभरातले नव्वदहून जास्त नीट निघत होते, म्हणून पहिला तासभर सगळे काउंटरवाल्याच्या टायपिंगवरच शंका घेत राहिले.

मागची हकिगत अशी. डेटाबेस पोस्टग्रेस १३ आणि मशीन सेंटओएस ७ या लिनक्सचं. त्या सेंटओएसचा आधार, म्हणजे अपडेट मिळणं, ३० जून २०२४ ला संपलेला. म्हणून रॉकी लिनक्स ९ चं नवं मशीन घेऊन त्यावर स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने स्टँडबाय (मुख्य डेटाबेसचे बदल सतत घेत राहणारी हुबेहूब प्रत) उभा केला होता आणि शनिवारी रात्री त्याला प्रमोट करून प्रायमरी, म्हणजे मुख्य डेटाबेस, केलं होतं. लॅग, म्हणजे प्रतीचं मागे राहणं, शून्य होता, लॉगमध्ये एकही चूक नव्हती, टेबलांतल्या ओळींची संख्या जुळत होती.

अशा वेळी मी आधी एकच गोष्ट करून पाहतो. त्याच सेशनमध्ये एनेबल_इंडेक्सस्कॅन, एनेबल_इंडेक्सओन्लीस्कॅन आणि एनेबल_बिटमॅपस्कॅन हे तिन्ही ऑफ करायचे, म्हणजे इंडेक्स (ओळ पटकन शोधण्यासाठी क्रमाने लावलेली सूची) न वापरता थेट टेबल वाचलं जातं, आणि तीच क्वेरी पुन्हा चालवायची. पहिल्यांदा शून्य ओळी आल्या होत्या, आता एक आली. म्हणजे टेबल शाबूत होतं आणि इंडेक्स चुकीची वाट दाखवत होता.

इथे बरेच जण डिस्क तपासायला घेतात. डिस्कचा काही संबंध नव्हता. डेटाबेसच्या पानांचं चेकसमही (बाइट बदलले का ते सांगणारी बेरीज) बरोबर आलं असतं, कारण पानावरचा एकही बाइट बदलला नव्हता. बदलला होता तो अक्षरं लावण्याचा नियम, आणि तो पोस्टग्रेसचा नसून जीलिबसीचा, म्हणजे लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचा. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी २.२८ ने आपले क्रमवारीचे तक्ते नव्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बदलले. सेंटओएस ७ वर २.१७ आहे, रॉकी ९ वर २.३४.

फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर इंग्रजी अंकांत १-१ आणि ११ अशा दोन ओळी डेटाबेसच्याच लोकेलमध्ये (भाषेनुसार अक्षरांचा क्रम ठरवणारी सेटिंग) सॉर्ट कमांडला द्या. जुन्या मशीनवर आधी ११ येतं, नव्यावर आधी १-१. जुना नियम पहिल्या तुलनेत हायफन सोडूनच देत असे. नवा नियम हायफन मोजतो आणि त्याला अंकांच्या आधी ठेवतो.

आता हेच इंडेक्सच्या आत काय करतं बघा. ‘बीआर११८०’ आणि ‘बीआर-१२०४’ असे दोन कोड घ्या. एका पुरवठादाराचे कोड हायफनशिवाय, दुसऱ्याचे हायफनसह. जुन्या नियमात ११८० आधी आणि १२०४ नंतर, म्हणून ‘बीआर-१२०४’ उजवीकडच्या पानात बसला. नव्या मशीनवर तो शोधताना बी-ट्रीच्या, म्हणजे इंडेक्सच्या झाडासारख्या रचनेच्या, वरच्या पानावर सीमेचा कोड ‘बीआर११८०’ भेटतो. नवा नियम म्हणतो, हायफनवाला लहान, डावीकडे जा. डावीकडच्या पानात तो नसतोच. शोध प्रामाणिकपणे ‘नाही’ असं सांगून परत येतो. ज्या कोडांच्या आसपास दोन्ही पद्धतींचे कोड मिसळलेले नव्हते ते व्यवस्थित सापडत राहिले. काही मिळतात, काही नाही, असं दिसत होतं ते यामुळे.

स्ट्रीमिंग रेप्लिकेशन इंडेक्सची पानं जशीच्या तशी उचलून आणतं. बेसबॅकअपही (डेटाबेसच्या फायलींची पूर्ण प्रत) तेच करतं, डेटा डिरेक्टरी आरसिंक या कॉपीच्या कमांडने नेली तरी तेच. पोस्टग्रेसची आवृत्ती वाढवणारं पीजी_अपग्रेडसुद्धा इंडेक्स नव्याने बांधत नाही. पीजी_डंप आणि लॉजिकल रेप्लिकेशन मात्र ओळी पाठवतात आणि नवं मशीन आपल्या नियमाने इंडेक्स बांधतं. ऑपरेटिंग सिस्टिमची मोठी आवृत्ती ओलांडायची असेल तर माझी पसंती या दोघांनाच.

खरी काळजी शोधाची नव्हती, लिहिण्याची होती. रविवारी रात्री पुरवठादारांच्या याद्या इन्सर्ट ऑन कॉन्फ्लिक्टने (कोड आधी नसेल तरच नवी ओळ घालणारी कमांड) आत आल्या होत्या. कोड आधीच आहे का, हे पोस्टग्रेस त्याच युनिक (एक कोड दोनदा येऊ न देणाऱ्या) इंडेक्सला विचारतं. इंडेक्सने ‘नाही’ म्हटलं आणि तोच कोड दुसऱ्यांदा टेबलात बसला. म्हणून कारण कळताच पहिला निर्णय एकच घेतला: अ‍ॅप्लिकेशन बंद. जुन्या मशीनवर परत जाणं शक्य नव्हतं, कारण प्रमोट झाल्यानंतरची बिलं नव्या मशीनवरच होती.

मग अ‍ॅमचेक हे इंडेक्स तपासणारं एक्स्टेंशन टाकून मजकुराच्या प्रत्येक बी-ट्री इंडेक्सवर बीटी_इंडेक्स_चेक चालवलं, हीपऑलइंडेक्स्ड (टेबलातली प्रत्येक ओळ इंडेक्समध्ये आहे का हेही पाहणारा पर्याय) चालू ठेवून. ‘आयटम ऑर्डर इनव्हेरियंट व्हायोलेटेड’ हा संदेश आला की तो इंडेक्स गेला असं समजायचं. पूर्णांक, तारीख आणि यूयूआयडीचे इंडेक्स यात येत नाहीत. सी कोलेशनचे (कोलेशन म्हणजे अक्षरं लावण्याचा नियम) आणि टेक्स्ट_पॅटर्न_ऑप्सचेही नाहीत, कारण तिथे तुलना बाइटांची असते. मजकुरावर रेंज पार्टिशन (मजकुराच्या पल्ल्यानुसार पाडलेले टेबलाचे तुकडे) असेल तर मात्र सावध राहा. तिथे ओळच चुकीच्या पार्टिशनमध्ये राहते आणि रीइंडेक्सने, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधून, ते सुधारत नाही.

रीइंडेक्स थेट सुरू केलं असतं तर युनिक इंडेक्सवर ‘की दोनदा आहे’ म्हणून ते थांबलं असतं. त्यात कॉन्करंटली (लिखाण चालू ठेवून इंडेक्स बांधण्याचा पर्याय) वापरलं असतं तर ‘सीसीन्यू’ शेपटीचा अर्धवट, अवैध इंडेक्स मागे राहिला असता आणि प्रत्येक लिखाणावर फुकटचा बोजा टाकत बसला असता. म्हणून आधी तिन्ही स्कॅन ऑफ ठेवून ग्रुप बायने दुहेरी कोड काढले. ते ऑफ करणं इथे महत्त्वाचं, नाहीतर प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) ग्रुप बायसाठी तोच बिघडलेला इंडेक्स वापरू शकतो आणि दुहेरी कोड शेजारी न आल्याने निसटतात. मग प्रत्येक जोडीतला जुना आयडी ठेवला, नव्या आयडीवर पडलेल्या स्टॉकच्या आणि बिलांच्या नोंदी जुन्यावर वळवल्या, आणि त्यानंतर नवी ओळ काढली. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारी नोंद) पूर्णांक आयडीवर होती म्हणून हे सरळ झालं. ती कोडवरच असती तर कोणती नोंद कोणत्या ओळीची हे सांगणारं काहीच उरलं नसतं.

शेवटी मेंटेनन्स_वर्क_मेम, म्हणजे इंडेक्स बांधताना वापरायची मेमरी, २ जीबी करून साधं रीइंडेक्स चालवलं, अ‍ॅमचेक पुन्हा फिरवलं आणि मगच काउंटर उघडले.

हे सगळं शनिवारीच कळू शकलं असतं. बीटी_इंडेक्स_चेक स्टँडबायवरही चालतं. एक्स्टेंशन प्रायमरीवर टाकायचं, ते आपोआप पलीकडे पोहोचतं, आणि प्रमोट करण्याआधी तपासणी उरकते.

पोस्टग्रेस १३ ने इशारा दिला नाही कारण डेटाबेसच्या मूळ कोलेशनची आवृत्ती ते नोंदवतच नव्हतं. इंडेक्सनिहाय नोंद ठेवण्याचं काम १४ च्या विकासात आत आलं होतं, पण आवृत्ती बाहेर पडण्याआधीच मागे घेतलं गेलं. १५ पासून डेटाबेसच्या पातळीवर नोंद होते आणि जोडणी करताच ‘कोलेशन व्हर्जन मिसमॅच’ असा इशारा येतो. त्या इशाऱ्यात रिफ्रेश कोलेशन व्हर्जन ही कमांडही सुचवलेली असते, आणि लोक घाईत तेवढीच चालवतात. ती फक्त नोंद बदलते आणि इशारा बंद करते. इंडेक्स तसाच बिघडलेला राहतो. आधी रीइंडेक्स, मग रिफ्रेश.

मुळावरचा उपाय सप्टेंबर २०२४ च्या पोस्टग्रेस १७ मध्ये आला. बिल्टइन लोकेल प्रोव्हायडर, म्हणजे क्रमवारीचा नियम पोस्टग्रेसच्या आतूनच देणारा भाग, आणि त्याचं सी.यूटीएफ-८. अक्षरं युनिकोड क्रमांकानुसार लागतात, जीलिबसीला विचारावंच लागत नाही. १८ ने त्यात पीजी_युनिकोड_फास्ट हे आणखी एक कोलेशन दिलं. पीजी_अपग्रेड मात्र जुना प्रोव्हायडर तसाच पुढे नेतं, त्यामुळे या वितरकासाठी १८ वर जाताना नवा डेटाबेस बिल्टइनवर बनवून पीजी_डंपने भरणं हाच मार्ग ठरवला.

याची किंमत पडद्यावर दिसते. युनिकोड क्रमात ळ येतो ल आणि व यांच्या मध्ये, आपल्या वर्णमालेत ह च्या नंतर. म्हणून ग्राहकांची मराठी नावांची यादी दाखवताना त्या ऑर्डर बायलाच मराठीचं आयसीयू (भाषांचे नियम देणारी वेगळी लायब्ररी) कोलेशन जोडायचं. त्या कोलेशनवर इंडेक्स बांधायचा नाही, कारण आयसीयूची आवृत्तीही ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर बदलते. शे-दोनशे नावांची पानभर यादी सर्व्हर तिथल्या तिथे लावतो, त्याला इंडेक्स लागत नाही.