नाव थोरल्याकडे, टाक्या धाकट्याकडे

माझ्या मावशीच्या सासरची वायनरी आहे, दिंडोरी तालुक्यात. छोटी, घरची. बाटलीवर इतकी वर्षं त्यांचं आडनाव होतं, ते आता जातंय. नवं नाव इथे लिहीत नाही, कारण ट्रेडमार्कचा अर्ज अजून जर्नलमध्ये यायचाय. आणि जुनं लिहिलं तर अर्धे नातेवाईक फोन करतील.

मी या भानगडीत आले कारण मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका लेबल छापखान्यात प्रीप्रेसला, म्हणजे छपाईआधी फाइली तयार करायच्या कामाला, आहे. मसाले, कफ सिरप, फिनेल, काय हवं ते. "घरचीच आहेस, तूच बघ," असं काका म्हणाले. म्हणजे बिल लावायचं नाही.

मूळ गोष्ट दोन भावांची. २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क उभं राहिलं आणि नाशिककडे बऱ्याच बागायतदारांना वाइनचं वेड लागलं. धाकटे आमचे काका. त्यांनी थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, थोडी बाग काढून शेनिन ब्लां आणि शिराज ही वाइनची द्राक्षं लावली. थोरले अण्णा माळकरी, निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला चालत जाणारे. त्यांनी तेव्हा विरोध केला नाही. सातबारा एकत्र होता, कर्जावर सहीही केली. फक्त वाइनच्या टाक्यांच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. २००९ च्या मंदीत लोकांनी वाइनची द्राक्षं उपटून टाकली, तेव्हा काकांची बाग वाचली ती अण्णांच्या टेबल ग्रेप्सच्या पैशांवर. हे काका स्वतः सांगतात, म्हणून लिहिते.

बिनसलं ते जानेवारी २०२२ मध्ये. सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि वाइन ही दारू की नाही यावर महाराष्ट्रभर भांडण पेटलं. तो निर्णय पुढे अमलात आलाच नाही, पण भांडण मात्र त्या घरात मुक्कामाला राहिलं. शेवटी वाटणी झाली. जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या ठरल्या, टाक्या काकांकडे, बेदाण्याचं शेड अण्णांकडे. राहिलं ते आडनाव. अण्णांचा मुलगा बेदाणा त्याच नावाने पॅक करतो. अण्णा म्हणाले, "पोराच्या खोक्यावर आणि बाटलीवर एकच नाव नको. बाकी काही मागत नाही."

वकिलांनी सांगितलं की कायद्याने दोघांनाही अडचण नाही. ट्रेडमार्कात बेदाणा वर्ग २९ मध्ये, ताजी द्राक्षं ३१ मध्ये, वाइन ३३ मध्ये. शिवाय स्वतःचं आडनाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कुणी अडवू शकत नाही, तसं कलमच आहे. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि नाव सोडलं.

मला राग आला, अजूनही आहे. त्या आडनावाला मुंबई-पुण्यात ओळख मिळाली ती वाइनमुळे. बेदाण्याला आडनाव विचारतं कोण? पण माझी मावसबहीण, जी आता वायनरी चालवते, ती शांत आहे. तिचं म्हणणं, तिला चुलत्याशी बोलणं टिकवायचंय. द्राक्षवेलींच्या गोडी छाटणीला दोन्ही घरांची मजुरांची टोळी एकच असते, हेही आहेच.

मग नाव शोधणं. काका, मावशी आणि ती आमच्या नौपाड्यातल्या घरी आले. मिसळ झाली, चहा झाला, आणि बहिणीने यादी काढली. निम्म्या नावांपुढे 'शातो'. मी म्हटलं, अगं, शातो म्हणजे गढी. तुमच्याकडे पत्र्याची शेड आहे आणि शेडपुढे ट्रॅक्टर. गिऱ्हाईक शनिवारी कसारा घाट चढून येणार आणि गढी शोधणार! काकांना उगाच वाटत होतं की घरचं नाव दिलं की माल गावठी दिसतो. तर नाशिकच्याच 'सुला' वायनरीचं नाव संस्थापक राजीव सामंतांनी आईच्या सुलभा या नावावरून ठेवलेलं, आणि तिथल्याच 'यॉर्क' वायनरीचं नाव म्हणजे इंग्लंड नव्हे, योगिता, रवी, कैलाश या भावंडांची आद्याक्षरं. काकांना यॉर्कचं माहीत नव्हतं. बराच वेळ हसले.

नाव शेवटी मावशीने दिलं, तेही फोडणी देता देता. त्यांच्या शेताच्या प्रत्येक तुकड्याला नाव आहे, तसं सगळ्याच शेतांना असतं. पहिली शेनिन ज्या तुकड्यात लावली त्याचं नाव ती सहज बोलून गेली आणि बहिणीने यादी मिटवली. तो तुकडा वाटणीत काकांकडेच आलाय.

यापुढे माझं काम. वाइनची जाहिरात टीव्हीवर करता येत नाही, म्हणून सगळा भार लेबलावर. आणि लेबलावर जागा किती? अल्कोहोलचं प्रमाण, ७५० मिली, उत्पादकाचा पत्ता, आणि मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा इशारा, त्याची अक्षरं किमान ३ मिलिमीटर. हे सगळं मागच्या लेबलावर बसवलं की द्राक्षाच्या वर्णनाला दोन ओळी उरतात. बहिणीने परिच्छेद लिहून आणला होता. "पेरूचा सुगंध" एवढंच ठेवलं.

कागद मात्र मी हट्टाने निवडला. खरबरीत टेक्स्चरचा साधा कागद हातात घेतला की श्रीमंत वाटतो, पण बर्फात बाटली ठेवली की राखाडी पडतो, कोपरे उचलतात. म्हणून चाचणी घरीच केली. गॅलरीत बादली, बर्फ, पाणी, आणि आत पाणी भरलेल्या, वेगवेगळ्या कागदांची लेबलं लावलेल्या बाटल्या. तासातासाने काढून नखाने कडा उचलून बघायच्या. सोनेरी फॉइलचं अक्षर एका कागदावर चिरलं, एकावर नाही. एक लेबल पूर्ण गळून बादलीच्या तळाशी बसलं. शेजारच्या काकू कपडे वाळत घालताना बघत होत्या. मला वाटलं आता सोसायटीभर होणार. त्यांनी एवढंच विचारलं, "झाल्या की मला दोन देशील? मनीप्लांटला."

बर्फात टिकलेला कागद महाग निघाला. काका कुरकुरले. खरा खर्च कागदाचा नाहीच, हे त्यांना बहिणीने समजावलं. नाव बदललं की प्रत्येक वाइनचं प्रत्येक लेबल नव्याने उत्पादन शुल्क विभागाच्या मंजुरीला जातं, आणि जितक्या राज्यांत विकता तितक्या ठिकाणी. गोवा वेगळं, कर्नाटक वेगळं. जुनं आडनाव बाटलीच्या गळ्यातल्या छोट्या पट्टीवर वर्षभर ठेवावं, असं मी सुचवलं होतं, म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक चुकणार नाही. अण्णांना विचारायला बहीण स्वतः गेली. ते म्हणाले, वर्षभर चालेल, पण अक्षर बारीक ठेवा.

किती बारीक, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मी ६ पॉइंट लावलंय.

सध्या अडलंय ते कॅप्सूलच्या, म्हणजे बाटलीच्या तोंडावरच्या वेष्टनाच्या, रंगावर. काकांना सोनेरी हवी, बहिणीला मातकट तपकिरी, आणि मला दोघांनी एकमेकांशी बोलून एकदाच काय ते कळवलेलं हवंय, कारण फायनल फाइल बुधवारी प्लेटला जाते.