बाबांची गुडघेदुखी आणि अँजिओटेन्सिन

बाबा बीपीसाठी टेल्मिसार्टन घेतात, सोबत लघवी वाढवणारी गोळी. गुडघा ठणकला की त्यांना डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी हवी असते आणि मी ती देत नाही. शरीरविज्ञान शिकवते, म्हणून कारणही सांगते. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. अंगातलं पाणी घटलं की अँजिओटेन्सिन हे संप्रेरक मूत्रपिंडातल्या गाळणीतून बाहेर जाणारी बारीक धमनी आवळतं. रक्त कमी येऊनही आतला दाब टिकतो. आत येणारी धमनी सैल ठेवतात प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं. टेल्मिसार्टन पहिला आधार काढतं, डायक्लोफेनॅक दुसरा, आणि गाळणं झपाट्यानं मंदावू शकतं. बीपीची गोळी वाईट नाही हो, ती मनानं बंद करू नका! भीती बीपीची, लघवीची आणि वेदनाशामक अशा तिन्ही गोळ्या एकत्र येण्याची, त्यातही ऐन मे महिन्यात. जुलाब-उलट्या झाल्या तर मी आधी डॉक्टरांना फोन लावते.