चहामळ्यातली माणसे निघून का जात नाहीत?

बँकेच्या नोकरीत माझी चार वर्षे आसामात, डिब्रूगढच्या परिसरात गेली. सांगलीला परत आल्यापासून चहामळ्यांचा विषय निघाला की बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: मजुरी इतकी कमी आहे, घरे पडकी आहेत, तर ही माणसे मळा सोडून दुसरीकडे का जात नाहीत? विचारणाऱ्याच्या मनात काही वाकडे नसते. दुष्काळ पडला की मुंबई-पुण्याची वाट धरायची, ऊसतोडीला जायचे, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असल्यामुळे निघून जाणे हा आपल्याला गरिबीवरचा पहिला उपाय वाटतो. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा मळ्यांना मजुरी वाटायला रोकड मिळेना. सरकारने उपायुक्तांच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हाधिकाऱ्यांच्या, खात्यांमार्फत पैसे काढण्याची तात्पुरती सोय केली आणि पाठोपाठ मजुरांची खाती उघडण्याचे काम बँकांवर आले. पुढचे काही महिने आम्ही मळ्यांच्या कचेरीसमोर टेबले मांडून अर्ज भरत होतो. अर्जात दोन रकाने असतात, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. पहिल्या रकान्यासाठी सगळे जण मळ्याचे नाव आणि लाइनचा क्रमांक सांगत. मजुरांच्या एका ओळीत बांधलेल्या वस्तीला तिथे ‘लाइन’ म्हणतात. दुसऱ्या रकान्यापाशी मात्र माणसे अडत. एका वृद्ध गृहस्थांनी रांची असे सांगितले. तुम्ही रांचीला कधी गेला होतात, असे विचारले तर म्हणाले, मी नाही, माझे आजोबा तिथून आले. शेवटी बहुतेकांच्या दोन्ही रकान्यांत मी एकच पत्ता लिहिला. त्या पत्त्यावरचे घर मजुराचे नसून कंपनीचे आहे आणि नोकरी गेली की ते रिकामे करावे लागे, हे मला पुढे हळूहळू कळत गेले.

त्यांचे पूर्वज छोटा नागपूर, संथाल परगणा, ओडिशा अशा भागांतून आणले गेले. आणणाऱ्या दलालांना ‘आरकाटी’ म्हणत, आणि त्यांनी अंगठा घेतलेल्या करारामागे सरकारचे कायदे उभे होते. १८५९ च्या कायद्याने करार मोडणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरवला, तर १८६५ च्या कायद्याने पळून जाणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडण्याचा अधिकार थेट मळेवाल्याच्या हातात दिला. तरीही १९२१ च्या मे महिन्यात दक्षिण आसामातल्या चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर ‘मुल्लुक चलो’ म्हणत मळ्यांतून बाहेर पडले. मुल्लुक म्हणजे आपला मुलूखच. आज बांगलादेशात असलेल्या चांदपूरच्या रेल्वे स्थानकावर ते अडकून पडले होते, तेव्हा २० मेच्या रात्री गुरखा शिपायांनी त्यांच्यावर हल्ला केला. तेव्हा तुमच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे आहे की ही माणसे निघाली होती, आणि त्यांना मारून अडवले गेले. हे आपल्या शाळेच्या इतिहासात कुठे वाचल्याचे मला आठवत नाही, याचे आजही वाईट वाटते.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मळ्यांतील कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्यामागचा हेतू चांगलाच होता. घर, पिण्याचे पाणी, दवाखाना, पाळणाघर, मुलांचे शिक्षण ही सगळी जबाबदारी त्याने मालकावर टाकली. पण जे बाकीच्या भारतात नागरिकाला सरकारकडून मागता येते ते इथे मालकाच्या नोकरीला बांधले गेले, आणि मला वाटते, आजच्या दारिद्र्याचे मूळ या गाठीत आहे. घर देतो, ५४ पैसे किलोने धान्य देतो, औषध देतो, असा हिशेब मांडून रोख मजुरी वर्षानुवर्षे कमी ठेवली गेली. दवाखान्यात डॉक्टर नसला तर दाद कोणाकडे मागायची? सरकारी कचेरी मळ्याकडे बोट दाखवते आणि मळ्याची कचेरी सरकारकडे. २०१८ ते २०२० या काळात आसामात दर लाख जिवंत जन्मांमागे १९५ मातांचे मृत्यू झाले, ते देशात सर्वाधिक होते. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३३ होते. आसामातल्या या मृत्यूंचा मोठा भार चहामळ्यांच्या जिल्ह्यांवर आहे, आणि पाने खुडणाऱ्यांत बहुसंख्य बायकाच असतात.

मी तिथे होते त्या काळात रोजची मजुरी १५० रुपयांच्या खालून १६७ वर गेली. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात ती २०२३ मध्ये २५० रुपये झाली. तुलना हवी असेल तर, २०२४-२५ मध्ये केंद्राच्या रोजगार हमीचा दर महाराष्ट्रात २९७ रुपये होता. या मजुरीसाठी दिवसाला साधारण २४ किलो पाने खुडावी लागतात आणि कमी भरली तर पैसे कापले जातात. शिवाय ही मजुरी हंगामभर ज्यांना मिळते ते सगळेच कायम कामगार नसतात. तात्पुरत्या मजुराला तिथे सरळ ‘फालतू’ म्हणतात. तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा कोणीतरी रागाने बोलले असे मला वाटले होते. तो कागदोपत्री वापरातला शब्द निघाला. थंडीत झुडपांना नवी पाने फुटत नाहीत, तेव्हा फालतू मजुराला काम नसते आणि मजुरीही नसते.

आता घराविषयी. मी तिथे होते तेव्हा कुटुंबातले एक माणूस मळ्याच्या पटावर असेपर्यंतच लाइनमधले घर राहत असे. जमिनीचे पट्टे देण्याच्या हालचाली अलीकडे सुरू झाल्या आहेत, पण तेव्हा चार-पाच पिढ्या त्याच मातीत राबलेल्या कुटुंबांच्या नावावर एक गुंठाही नव्हता, हे मी खात्यांच्या कागदपत्रांत रोज पाहत होते. मळाच बंद पडला तर काय होते, ते पश्चिम बंगालच्या उत्तरेकडील डुआर्स या चहाच्या पट्ट्यात दिसले. २००० नंतर तिथले ढेकलापारा, बंदापानी यांसारखे मळे बंद पडले तेव्हा मजुरीबरोबर धान्य, पाणी, वीज आणि दवाखाना हे सगळेच थांबले आणि त्या पट्ट्यातून भूकबळींच्या बातम्या येऊ लागल्या. माणसे नदीपात्रात दगड फोडू लागली, पण बऱ्याच जणांनी लाइन सोडली नाही. केरळात मुन्नारजवळ पेट्टिमुडीला ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री दरड कोसळून ७० जण गेले, तेही अशाच ओळीने बांधलेल्या कंपनीच्या खोल्यांत झोपलेले तमिळ मळेकामगार आणि त्यांची मुले होती.

मग राजकारण काय करते, असे तुम्ही विचाराल. आसामच्या १२६ पैकी तीस-चाळीस विधानसभा मतदारसंघांत चहामळ्यांची मते निर्णायक असल्याचे तिथले सगळेच पक्ष मानतात. डिब्रूगढमधून पवनसिंह घाटोवार अनेकदा आणि २०१४ व २०१९ मध्ये रामेश्वर तेली लोकसभेवर गेले; दोघेही याच समाजातले, दोघेही केंद्रात राज्यमंत्री झाले. तरी २०१६ च्या निवडणुकीत मिळालेले ३५१ रुपये मजुरीचे आश्वासन २०२३ मध्येही १०१ रुपयांनी दूर होते. मुंडा, उरांव, संथाल हे झारखंडमध्ये अनुसूचित जमातीत मोडतात, आसामातल्या मळ्यांतले त्यांचे भाऊबंद मात्र इतर मागासवर्गात. त्यांना अनुसूचित जमातीत घेण्याचे विधेयक २०१९ च्या जानेवारीत राज्यसभेत मांडले गेले, आणि तिथेच अडकले. मला दिसले ते असे की मते लाइनीच्या लाइनी एकगठ्ठा मोजली जातात, कामगार संघटना आणि पक्ष यांची माणसे बरेचदा तीच असतात, आणि घर जाण्याची भीती असलेला माणूस सभेत उभा राहून प्रश्न विचारत नाही.

तरुण मुले जातात हो. बंगळुरूला जातात, केरळात जातात, पैसे पाठवतात. त्यांची पैसे पाठवण्याची खातीही मीच उघडून दिली. मागे आई-वडिलांसाठी घर टिकायचे असेल तर कोणीतरी एक पटावर राहावे लागते, आणि ते बहुधा मुलगी किंवा सून असते.

माझी बदली व्हायच्या थोडे आधी एक बाई आमच्या शाखेत आल्या. त्यांचे वय झाले होते, मळ्याच्या पटावरून नाव कमी होणार होते आणि त्यांच्या जागी मुलीचे नाव लागले होते. मुलगी बारावी झालेली होती; शिष्यवृत्तीसाठी तिचे खाते आमच्याकडे आधीच उघडलेले होते. मी तिचा फॉर्म काढला. व्यवसायाच्या रकान्यात ‘विद्यार्थी’ असे होते. ते खोडून मी शेजारी ‘मजूर’ लिहिले. खाडाखोड केली की तिच्याशेजारी खातेदाराची सही लागते, असा नियम आहे. आईने कायम अंगठाच उठवला होता. मुलीने पेन घेतले आणि त्या खोडलेल्या शब्दाशेजारी वळणदार अक्षरात आपले पूर्ण नाव लिहिले.