दुकानाच्या आधी रिपेअरवाल्याकडे

चार वर्षं रोज रात्री दोन-दोन तास गेम खेळून तापून निघालेला माझा लॅपटॉप शेवटी गेला तो झाकण उघडताना. डावीकडून कट्‌ असा आवाज आला आणि स्क्रीनची चौकट फाकली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये घेतलेला, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचा (गेमची चित्रं स्क्रीनवर काढणारं कार्ड). वॉरंटी केव्हाच संपलेली. सर्व्हिस सेंटरने वरचं अख्खं पॅनेल बदलायचे १४,००० सांगितले. वर पार्ट यायला तीन आठवडे, तेही नक्की नाही.

मग डोंबिवलीहून निघाले, दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर-इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका पोटमाळ्यावर पोचले. (शनिवारी जा, रविवारी तिथली बरीच शटरं खाली असतात.) रिपेअरवाल्या दादांनी मागचं कव्हर काढलं आणि मला जवळ बोलावलं. हिंज, म्हणजे झाकणाची बिजागरी, लोखंडी, चांगली टणक. पण तिचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट साध्या प्लास्टिकच्या खुंट्यांत रोवलेले. झाकण एका कोपऱ्याला धरून उचलायची माझी सवय, त्यामुळे सगळा जोर एकाच बाजूच्या खुंट्यांवर. "ताई, हिंज नाही तुटली, खुंट्या उपटल्यात." शेजारी हीटसिंकच्या, म्हणजे आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या जाळीवर धुळीची चक्क गोधडी झालेली. पंखा जीव तोडून फिरत होता आणि हवा कुठेच जात नव्हती.

अ‍ॅराल्डाइट भरून त्यांनी १,२०० रुपयांत खुंट्या पुन्हा उभ्या केल्या. म्हणाले, "वर्षभर काढेल. तोवर नवीन बघून ठेवा."

नवीनची यादी माझ्या मोबाइलमध्ये तयारच होती. कुठलं कार्ड, सेकंदाला किती फ्रेम (चित्रं), सगळं. मी उत्साहाने पुढे केली, त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. काउंटरखालचा खण ओढला. आत मेलेल्या लॅपटॉपचे बोर्ड, पंखे, हिंज, चार्जिंगचे पोर्ट, थरावर थर. "ज्या मॉडेलचे मुडदे बाजारात भरपूर, त्याचा पार्ट स्वस्त. कुणीच घेत नाही असं झकपक मॉडेल घ्याल, तर दोन वर्षांनी त्याच्या पंख्यासाठी मी काय चीनला जाऊ?"

मी तोवर नेमका उलटा विचार करत होते. सगळ्यांकडे आहे ते नको, जरा हटके हवं. त्या खणाने माझी निम्मी यादी खोडली.

बजेट ८०,०००, त्यावर एक रुपया नाही. २०२४ च्या दसऱ्याआधीच्या सेलमध्ये मला दिसत होते ते भाव असे: आरटीएक्स ३०५० कार्डाचा लॅपटॉप साठ-बासष्ट हजार, ४०५० पंच्याहत्तरच्या आसपास, ४०६० नव्वदच्या घरात. रॅम आणि एसएसडी गेमिंग लॅपटॉपात बहुधा पुढे वाढवता येतात, पण ग्राफिक्स कार्डाची मेमरी बोर्डावर सोल्डर केलेली, घेताना जितकी तितकीच शेवटपर्यंत. म्हणजे पाच-सहा वर्षांचा हिशेब धरला तर ४०६० चे ८ जीबीच शहाणपणाचे. ४०५० ला ६ च मिळतात. हे मला तेव्हाही कळत होतं. पण आधीच्या लॅपटॉपचा ईएमआय भरताना घरात जे ऐकलं होतं, ते पुन्हा ऐकायची तयारी नव्हती. ३०५० मात्र विनाखंत सोडलं. एक तर कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाची स्वतःची फ्रेम जनरेशनची (कार्डानेच मधल्या जादा फ्रेम तयार करायची) सोय तेव्हा ४० च्या मालिकेतच होती, आणि दुसरं म्हणजे ३०५० मध्ये ४ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार. ऑनलाइन जाहिरातीत कुठला ते शोधायला भिंग लागतं.

खरी गंमत वॉटमध्ये, म्हणजे कार्डाला किती वीज मिळते त्यात आहे. ४०५० हे एकच नाव, पण लॅपटॉप बनवणाऱ्याला एनव्हिडिया त्यात ३५ ते ११५ वॉटची मोकळीक देते. पातळ, देखण्या लॅपटॉपात तेच कार्ड निम्म्या ताकदीवर बांधून ठेवलेलं असू शकतं, आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नसतं.

म्हणून ठाण्याला एका शोरूममध्ये गेले. सेल्समनचा पहिला प्रश्न: "भावासाठी बघताय का, मॅडम?" मलाच खेळायचंय म्हटल्यावर तो कीबोर्डचे रंगीत दिवे दाखवू लागला. मी एनव्हिडियाचं कंट्रोल पॅनेल उघडून सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये गेले. तिथे कमाल ग्राफिक्स पॉवरचा आकडा दिसतो. सगळ्यात सुंदर दिसणाऱ्याचा ४५ निघाला, शेजारच्या जाडजूड, विटेसारख्या दिसणाऱ्याचा शंभरच्या वर. मग विटेचं झाकण एका बोटाने उघडून पाहिलं, कीबोर्डच्या मधोमध दाबून पाहिलं. सेल्समनच्या चेहऱ्यावर 'ही फोडणार' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

स्क्रीनच्या बाबतीत १४४ हर्ट्‌झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणं) मोठ्या अक्षरात असतं आणि रंग '४५ टक्के एनटीएससी' (किती रंग दाखवता येतात त्याचं माप) हे बारीक अक्षरात. ते बारीकच वाचा. अशा पॅनेलवर लाल रंग विटका दिसतो. शिवाय मी ज्यात शेकडो तास घालवलेत तो एल्डन रिंग हा गेम सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जातच नाही, मग १४४ चं काय लोणचं घालू?

वीटच घेतली, बँकेच्या कार्डावरची सूट धरून ७४,००० ला. पोटमाळ्यावर फोन करून विचारलं तर म्हणाले, "याचे तीन पडलेत माझ्याकडे, घ्या." मॉडेलचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण त्याच एका नावाखाली शेवटचे चार-पाच अक्षरांचे कोड बदलून वेगळी स्क्रीन, वेगळी रॅम आणि वेगळे वॉट विकले जातात. उरलेल्या पैशांत वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली आणि ८ जीबी रॅमची दुसरी स्टिक आणली. मूळची एकच होती; दोन झाल्यावर खेळताना बसणारे झटके जवळजवळ गेले. कव्हर उघडल्याने वॉरंटी जाते का, हे आधी कंपनीला ईमेल करून लेखी घेतलं होतं.

आता चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबतं, फ्रेमला ६० ची वेसण आहे आणि मागच्या पायांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं. गादीवर ठेवायला घरात सगळ्यांना बंदी. झाकण मी मधोमध धरून उघडते, आई म्हणते देव्हाऱ्याचं दार उघडल्यासारखं. कार्डाच्या त्या कमी दोन जीबीची हळहळ मात्र नवीन गेममध्ये टेक्सचर (पृष्ठभागांचा बारकावा) मीडियमवर आणताना दरवेळी होतेच.

वर्षभराने साफसफाईला पुन्हा पोटमाळा चढले. जुना लॅपटॉप पार्टसाठी दादांनाच देऊन टाकला होता. त्यांनी कव्हर काढलं, ब्लोअर मारला, माझ्याकडून ६०० रुपये घेतले. मग खण ओढून दाखवला. "तुमच्या जुन्याचा एक पंखाच उरलाय बघा. कीबोर्ड कालच गेला, उल्हासनगरच्या एका पोराला."