जळगावहून इमॅजिका: पार्क चांगला, पॅकेज नको

खोपोलीचा इमॅजिका पार्क चांगला आहे, हे आधीच सांगून टाकतो. मुलं खूश झाली, मी स्वतः नायट्रो या रोलर कोस्टरवर घसा बसेपर्यंत ओरडलो. पण 'रात्री निघा, दिवसभर खेळा, रात्री परत' असं पॅकेज जळगावात कुणी तुमच्या गळ्यात मारत असेल, आणि घरात दहा वर्षांखालची पोरं असतील, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, सोबत सात वर्षांचा भाचा आणि साडेतीन वर्षांची भाची. माझी मुलगी पाचची. आई, बायको आणि मी धरून सात जण. पॅकेजवाल्याने तीन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या होत्या. एक, साडेसहा तासांत गेटवर. दोन, समृद्धी महामार्गाने जाऊ, टोल सगळा आमच्याकडे. तीन, इमॅजिका म्हटलं की त्यात वॉटर पार्क, स्नो पार्क सगळं आलं. तिन्ही थापा.

अंतराचा हिशेब साधा आहे. जळगाव-धुळे नव्वद-पंच्याण्णव किलोमीटर, धुळे-नाशिक दीडशेच्या वर, नाशिकहून ठाण्याच्या वेशीपर्यंत पुन्हा दीडशेच्या घरात आणि पुढे खोपोली. एकूण साडेचारशेच्या आसपास. सतरा सीटर ट्रॅव्हलर, त्यात पाच-सहा पोरं, दर दीड तासाला कुणाला तरी शू. साडेसहा तास कुठून येणार?

रात्री दहाला निघालो. धुळे, मालेगाव, नाशिक झोपेत गेलं, त्याबद्दल तक्रार नाही. इगतपुरीला गाडी समृद्धीवर चढायला हवी होती. इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा जून २०२५ मध्ये सुरू झालाय, त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि त्यामुळे कसारा घाट टळतो. ड्रायव्हरने गाडी सरळ जुन्या रस्त्याने कसाऱ्यात घातली. विचारलं तर म्हणे, "समृद्धीचा टोल कोण भरणार, साहेब?" घाटाच्या वळणांवर भाचीने आईच्या पदरात उलटी केली. पॅकेजवाल्याला फोन लावला, बंद.

आता मुख्य दुखणं. माणकोली, खारेगाव, मुंब्रा बायपास, शीळफाटा, तळोजा, कळंबोली. ही नावं पाठ करा, कारण नकाशावर हा टप्पा वीतभर दिसतो आणि याच्यासाठी कुणी वेळ धरत नाही. आम्ही सकाळी सातच्या पुढे माणकोलीला पोचलो आणि तिथून कळंबोली गाठायला जवळपास चार तास गेले. न्हावा-शेवाच्या बंदराकडे जाणारे कंटेनर, भिवंडीच्या गोदामांचे ट्रक आणि कामावर निघालेली माणसं, सगळं याच एका पट्ट्यात कोंबलेलं. मुंब्रा बायपासच्या चढावर गाडी बंद करून बसलो, कारण एसी लावला की इंजिन तापत होतं. खिडकी उघडली की डिझेलचा धूर. जळगावचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आपल्याला नवा नाही, पण तो कोरडा असतो. इथला घाम अंगावरून हलतच नाही. मुलांचे केस डोक्याला चिकटले होते आणि पाण्याच्या बाटल्या संपल्या होत्या. कळंबोलीला एक्सप्रेसवेवर चढण्याआधी ड्रायव्हरने मागे वळून सांगितलं, "इथून पुढचा टोल पार्टीचा." वाद घातला, पण मुलं रडायला लागल्यावर माणूस काय करणार? दिले. पैशांपेक्षा ती वेळ साधून केलेली मागणी जास्त लागली.

गेटवर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. म्हणजे अर्धा दिवस रस्त्यातच संपला आणि तिकीट मात्र पूर्ण दिवसाचं.

तिकिटाचं नीट समजून घ्या. लहान मुलाचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं. आधारकार्ड दाखवून उपयोग नाही. त्यामुळे घरीच भिंतीला उभं करून, बूट काढून, सगळ्या पोरांची उंची मोजून ठेवा. आणि थीम पार्क, वॉटर पार्क, स्नो पार्क ही तीन वेगळी तिकिटं आहेत. आमच्याकडे फक्त थीम पार्कचं निघालं. ताईने मुलांसाठी पोहायचे कपडे, टॉवेल, टोप्या अशी अख्खी बॅग भरून आणली होती. ती बॅग आम्ही दिवसभर खांद्यावर मिरवली. खरं तर वॉटर पार्क त्याच दिवशी करता आला नाही, हे एका अर्थाने बरं झालं. लहान मुलांना एका दिवसात दोन्ही झेपत नाही. पाण्याचं करायचं असेल तर दुसरा दिवस ठेवा.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. आईने केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही पार्किंगमध्ये सावली शोधून संपवली. तुम्हीही तसंच करा. पोट भरून आत गेलं की मुलं पहिले दोन तास 'भूक लागली'चा धोशा लावत नाहीत.

उंचीची दुसरी गंमत आत आहे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या राईडच्या तोंडाशी मोजपट्टी असते. भाच्याने वर्षभर मित्रांना सांगून ठेवलं होतं की मी रोलर कोस्टरवर बसणार. पट्टीपाशी उभा राहिला तो टाचा उचलून. तिथल्या मुलीने हसत त्याच्या खांद्यावर हात ठेवला, टाचा खाली आल्या. मग तिने त्याचे उभे राहिलेले केस तळहाताने चापून बसवले आणि पट्टीकडे पाहिलं. दोन बोटं कमी. पोराने रडू गिळलं, पण पुढचा अर्धा तास कुणाशी बोलला नाही. तेव्हा घरी भिंतीवर मोजाल तेव्हाच त्याला सांगून टाका, कुठे बसता येईल आणि कुठे नाही. नायट्रो, स्क्रीम मशीन, अंधारातला डीप स्पेस हे सगळं मोठ्यांचं आहे. मोठ्यांनी पाळीपाळीने जावं, एकाने पोरांपाशी थांबावं. नायट्रोला पायाखाली फळीच नसते, पाय लोंबकळत राहतात. माझा निकाल: हाडं धड असतील तर सोडू नका.

साडेतीन-पाच वर्षांच्या पोरांसाठी काय? घोड्यांचा मॅजिक कॅरोसेल, हवेत वर-खाली जाणारा टबी, बाऊ वाऊचा शो. माझ्या मुलीला कॅरोसेलवरून उतरवायला लाच द्यावी लागली. अलीबाबा ही गाडीत बसून बंदुकीने चोर टिपायची राईड, ती घरातल्या सगळ्यांना एकत्र करता येते आणि आत एसी आहे. 'आय फॉर इंडिया'मध्ये खुर्च्या पडद्यासमोर झुलतात आणि देशावरून उडाल्यासारखं वाटतं. आई तिथे खूश झाली. सलीमगढमध्ये मात्र लहानांना नेऊ नका, भुतांचा किल्ला आहे तो. बाहेर चित्र बघून भाचीने हट्ट धरला आणि आत दुसऱ्याच वळणावर ताईच्या मानेला अशी चिकटली की श्वास घेता येईना. रात्रीही दचकून उठत होती. राजासॉरसची होडी डायनोसोरमधून जाते आणि शेवटी भिजवते. ती दुपारी करा म्हणजे कपडे वाळतात. संध्याकाळी नको, ओल्या चड्डीत पोर किरकिरतं.

एक नियम आम्हाला उशिरा कळला, तुम्ही आधीच पाळा. सकाळी उघडल्या उघडल्या उघड्यावरच्या राईड, बारा ते चार फक्त आतल्या, एसीतल्या राईड आणि शो, आणि संध्याकाळच्या परेडसाठी अर्धा तास आधी कडेची जागा. उन्हाळ्याच्या सुट्टीतला शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवार जमत असेल तर तोच धरा. जून-जुलैत सह्याद्रीच्या पायथ्याचा पाऊस कसा असतो ते खोपोलीवाल्यांना विचारा. छत्री चालत नाही तिथे, रेनकोट आणा.

संध्याकाळी पार्क सुटल्यावर त्याच ट्रॅव्हलरमध्ये रात्रभर बसून परत जायचं, असं पॅकेज होतं. आईने पायऱ्यांवर बसकण मारली आणि विचारलं, "इतला पैसा पाळनासाठे?" आणि हललीच नाही. मग आम्ही ट्रॅव्हलर सोडून दिली आणि खोपोलीत एका लॉजवर राहिलो. तिथे जादा गादीचे पाचशे रुपये लावले. गादी कसली, सतरंजीच ती. खोली ठरवताना माणशी गाद्या किती आणि त्यांचे पैसे किती, हे तोंडी नाही, मेसेजवर लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर केला. पाली पार्कच्याच रस्त्यावर पुढे आहे. छान झालं.

परतीला रेल्वेने आलो आणि तिथे डोक्यात प्रकाश पडला की जातानाही हेच करायला हवं. खोपोलीहून लोकलने कर्जत, कर्जतहून कल्याण, कल्याणहून दुपारची सेवाग्राम एक्सप्रेस, रात्री जेवायच्या वेळेला जळगाव. तत्काळचं तिकीट काढलं, एसीला आदल्या दिवशी दहाला, स्लीपरला अकराला खिडकी उघडते. मिळालं ते नशीब. तुम्ही आधीच काढा, आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. पाच ते बाराच्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं.

जाताना रात्रीची अमरावती-मुंबई एक्सप्रेस भुसावळ किंवा जळगावहून धरायची, पहाटे कल्याण. मुलं बर्थवर झोपून येतात. कल्याणला तोंड धुऊन, वडापाव खाऊन कर्जत किंवा खोपोली लोकल. सकाळची सगळी गर्दी मुंबईच्या दिशेने, आपण उलटे, त्यामुळे डब्यात पोरांना खिडकी मिळते. खोपोलीच्या लोकल मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून ठेवा, नाहीतर कर्जतला उतरून गाडी करा. परतताना खोपोली स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला पार्कचं भाडं सहज विचारलं, त्याने जे सांगितलं ते ऐकून मी हसलो, तोही हसला आणि मग निम्म्यावर आला. जाण्याचे आणि रात्री घ्यायला येण्याचे दोन्ही एकदमच ठरवा. पार्क सुटल्यावर गेटबाहेर तुमची गरज त्यांना कळते. पूर्वी भुसावळ-पुणे हुतात्मा एक्सप्रेस कल्याण-पनवेल-कर्जत अशी जायची, खान्देशातल्या माणसाला थेट कर्जतला उतरवायची. ते सुख गेलं.

स्वतःची गाडी असेल आणि चालवायचीच असेल, तर दोनच वाटा. एक, माणकोली ते कळंबोली पहाटे पाचच्या आत ओलांडता येईल अशा हिशेबाने निघा. म्हणजे जळगाव संध्याकाळी सहालाच सोडायचं आणि नाशिकला जेवायला थांबायचं नाही. दुसरी, भिवंडीचं तोंडच बघू नका. शहापूरला महामार्ग सोडून मुरबाड, म्हसा, कर्जत करत खोपोलीला उतरा. रस्ता गावांतून, वळणांचा, म्हणून दिवसा. नाशिक-सिन्नर-संगमनेर-चाकण अशी तिसरी वाट लोक सुचवतात. चाकणच्या चौकात तासभर उभं राहायची हौस असेल तर जा.

धुळे-मालेगावकडच्यांना आणि ज्यांची पोरं पाचच्या आतली आहेत त्यांना माझा सल्ला वेगळा आहे: खोपोली दोन-तीन वर्षं पुढे ढकला, शिर्डीला जा. तिथे साई तीर्थ हा थीम पार्क आहे, बहुतेक सगळं थंड हॉलमध्ये, द्वारकामाईचा शो, लंकादहन, आणि वॉटर पार्कही गावातच. आजी-आजोबांचं दर्शन होतं, पोरांचं पाणी होतं. धुळ्याहून मालेगाव-मनमाड-येवला-कोपरगाव असं दीडशेच्या आसपास पडतं. मनमाडच्या पुढे रस्ता हाडं मोजतो, पण तो दोन तासांत संपतो.

टोलचे पैसे पॅकेजवाल्याकडे मागितले. "पुढच्या ट्रिपमध्ये ॲडजस्ट करतो," म्हणाला. पुढची ट्रिप!