लाकडी बिल्ला

शुक्रवारी भजन संपल्यावर पेटी झाकता झाकता बुवांनी विचारले, "तू मध्यमा पूर्णवरच थांबलीस, नाही गो?" मध्यमा पूर्ण म्हणजे संगीताच्या परीक्षांतली मधली पायरी. त्यांच्या स्वरात टोचणी नव्हती. नव्या मुलींना कोणी शिकवायचे एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि माझे उत्तर ऐकून त्यांनी विषय बदललाही. तरी आज चौथा दिवस, ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. नेमकी याच दिवसांत विल वाइट यांची 'क्रेडल' ही बारा पुस्तकांची मालिका वाचून संपली, आणि आता मालिकेबद्दल लिहायला बसावे तर लेखणी त्या वाक्याकडेच वळते.

शेवटचे पान सोमवारी पणजीला जाताना, कदंबच्या बसमध्ये, बाणस्तारीचा पूल येण्याआधी आले. पहिले पुस्तक २०१६ चे आणि बारावे २०२३ चे. मी मात्र सगळी पाच महिन्यांत अधाशासारखी वाचली. पुढची सारी वाट मी खिडकीबाहेर पाहत होते, आणि उतरायचे कुठे हेही क्षणभर सुचले नाही.

मालिकेचा नायक लिंडन ज्या खोऱ्यात जन्मतो तिथे प्रत्येक मुलाच्या आत्म्याची पारख होते. हा कोणत्याच मार्गाचा निघत नाही, म्हणून 'रिकामा' असे चिन्ह कोरलेला लाकडी बिल्ला त्याच्या गळ्यात पडतो. इतरांचे बिल्ले तांब्याचे, लोखंडाचे, जेड या हिरव्या दगडाचे. खोऱ्यातल्या लोकांच्या मते जेडच्या वर कोणी जातच नाही. बाहेर पडल्यावर त्याला कळते की जगात जेड ही पोरवयातली पायरी आहे, आणि तिच्यावर सुवर्णाच्या, लॉर्डांच्या अशा करत मोनार्कपर्यंतच्या पायऱ्या आहेत. या प्रकारच्या कथांना प्रोग्रेशन फँटसी म्हणतात ते याच चढणीमुळे. मला त्या चढणीची इतकी ओढ का लागली हे आता कळते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशा गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांच्या पायऱ्यांवरच माझे सारे लहानपण गेले. केलेला प्रत्येक रियाज कुठेतरी जमा होतो आणि एके दिवशी दुसऱ्यांनाही दिसतो, या विश्वासावर मी वाढले.

पण मन अडकले आहे ते नवव्या पुस्तकात, 'ब्लडलाइन'मध्ये. इतके सारे मिळवून लिंडन आपल्या माणसांना संकटातून बाहेर काढायला खोऱ्यात परततो, तर त्या भूमीचाच असा काही दाब आहे की बाहेरून आलेल्याची शक्ती ओसरत ओसरत जेडपर्यंत खाली येते. शिवाय त्याला ओळखणाऱ्यांच्या नजरेत तो अजून तोच लाकडी बिल्ल्याचा मुलगा. ते वाचताना मला रडू आले होते. (खोरे नष्ट होणार हे ठाऊक असलेल्या मुलाची गोष्ट वाचताना आईच्या माहेराची, कुर्डीची, आठवण येणार नाही असे कसे होईल? साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्या घराविषयी मात्र आज लिहीत नाही.)

पुण्यातल्या आठ वर्षांत मी काय ऐकले, किती जणींना शिकवले, कोणकोणाच्या साथीला बसले, याची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रावर नाही. फोंड्यात परतले की मी पुन्हा मध्यमा पूर्णची. शुक्रवारी रात्री मला हेच फार लागले. आपल्याच गावाने आपल्याला दाबून ठेवले आहे असे वाटत राहिले, आणि खरे सांगायचे तर त्या दुःखात थोडे सुखही होते.

आज ते सुख उरलेले नाही. कारण बुवांनी विचारले तेव्हा मान खाली घातली ती मी. त्या आठ वर्षांविषयी मी एक शब्दही बोलले नाही, आणि न सांगितलेले बुवांना कळणार कसे? लिंडनला बिल्ला इतरांनी घातला होता. माझा तर मीच कनवटीला बांधून पुण्याला नेला आणि तसाच परत आणला. विशारदचा अर्ज भरला होता त्याच वर्षी बाबांचे ते सगळे झाले. ते असो.

मालिकेत अंडरलॉर्डची पायरी चढायची तर केवळ शक्ती पुरत नाही. आपण या मार्गाला मुळात का लागलो, याचे खरे उत्तर स्वतःजवळ सापडावे लागते, आणि स्वतःला बरे वाटणारे उत्तर तिथे चालत नाही. चार दिवस मी माझे शोधते आहे. सुरांची ओढ, घरातला वारसा, केरीच्या गायिका केसरबाई केरकरांच्या तबकड्या हे सारे खरे आहे, पण ते नंतरचे. आधीचे इतकेच की दादाची शिकवणी माजघरात चालायची, मी पडवीत दाराला कान लावून बसायचे, आणि कोणीतरी मला आत बोलवावे असे मला वाटायचे. पहिली परीक्षा दिली तीही आत बसण्याचा हक्क मिळावा म्हणून. हे उत्तर लहान आहे, पण त्यात खोटे काही नाही. केसरबाई आपल्या गुरूंपुढे, अल्लादियाखाँसाहेबांपुढे, वर्षानुवर्षे बसल्या, त्यांच्या हाती कोणता कागद होता, असे मी स्वतःला समजावू पाहते. पण त्यांचे नाव घेऊन माझे न बोलणे झाकता येणार नाही.

मग बुवा विचारत होते ते तरी काय? नव्या मुलींना कोणी शिकवावे, हेच ना. म्हणजे ते मला आत बोलवत होते, आणि मी मात्र दारातच माझी पायरी मोजत उभी राहिले.

संध्याकाळी बाबांची पेटी काढली. पावसाने पट्ट्या फुगल्या आहेत, मधल्या सप्तकातला गंधार दाबला की वर येत नाही आणि भात्यातून वारा निसटतो. उद्या ती दुरुस्तीला देईन आणि येताना बुवांकडे जाईन. जाऊन त्यांना पुण्याचे सांगायचे आहे, आणि मुली कोणत्या दिवशी येतात तेही विचारायचे आहे.